सोलापुरात घडणारा ‘भलताच माणूस उचलला’ गुन्हेपट: फसला कुठे, आणि त्याच पैशांत सावरता आला असता का?

कापडपेठ (धागाकर्ता)

सोलापुरात चित्रित झालेला, कमी पैशांतला एक मराठी मारधाडपट आला आणि आठवड्यात उतरला. नव्या मुलांचं काम आहे, म्हणून नाव लिहीत नाही. प्रतिसादांतही कुणी लिहू नये ही विनंती. चर्चा कामाची व्हावी.

न पाहिलेल्यांसाठी कथा थोडक्यात. नायक पूर्व भागातल्या (तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या) टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जोडणारा-दुरुस्त करणारा. मागाचे सुटे भाग घेऊन पहाटे हैदराबादच्या गाडीने स्टँडवर उतरतो. त्याच गाडीने सुपारी घेतलेला मारेकरी येणार असतो. टोळीतल्या कुणी त्याला पाहिलेलं नाही, खूण एकच: खांद्यावर चादरीचं गाठोडं. पोरं नायकाला उचलतात, हातात कट्टा आणि एक फोटो देतात. खरा मारेकरी मागच्या गाडीने येतो. पुढे पोलीसही नायकालाच मारेकरी समजतात. मध्यंतरानंतर पाठलाग, बंद मिलमध्ये हाणामारी, शेवट.

पहिली पंधरा मिनिटं खरंच चांगली आहेत. कारखान्यातला तिसऱ्या पाळीचा प्रसंग, नायकाचं बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) बांधणं, मालकाशी बोलणं, सगळं खरं वाटतं. पण त्याला उचलल्यापासून मनात एकच प्रश्न राहतो: हा सांगत का नाही, की मी तो नव्हे? एकदा सांगतो, एक थप्पड खातो आणि मग सिनेमा संपेपर्यंत तो विषयच नाही. जो तो ‘बजेट नव्हतं हो’ म्हणतोय. मला ते पटत नाही. हा दोष पैशाचा नाही, कागदावरचा आहे. जाणकारांनी नीट उकलून सांगावं.

---

संहितावाचक

कापडपेठ, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. ओळखीच्या घोटाळ्याच्या कथेत तीन गोष्टी पक्क्या लागतात. घोटाळा होतो ती खूण. खरं सांगूनही चालत नाही याचं कारण. आणि खरेपणाचा पुरावा नेमका कुठे आहे, ते. तिन्ही लिहिण्यातच येतात, एकीलाही कॅमेरा लागत नाही.

खुणेपासून सुरू करू. सोलापूरच्या स्टँडवर चादरीचं गाठोडं ही खूणच होऊ शकत नाही. लग्नाच्या आहेरापासून फेरीवाल्यापर्यंत दहातल्या चौघांकडे ते असतं. खूण त्या जागी दुर्मीळ हवी आणि नायकाकडे ती असायला त्याचं स्वतःचं, साधं कारण हवं. रॉबर्ट रॉड्रिग्जचा ‘एल मारियाची’ (१९९२) पाहा. विषय हाच, पैसा त्याहून कमी: सुमारे ७,००० डॉलर. काळे कपडे आणि हातात गिटारची पेटी, एवढंच टोळीला माहीत. मारेकऱ्याच्या पेटीत बंदुका, नायकाच्या पेटीत गिटार. दोघं एकाच गावात आहेत हे प्रेक्षकाला आधीच दाखवलंय, म्हणून पेटी दिसली की पोटात गोळा येतो.

आपल्या नायकाकडे अशी वस्तू होतीच. जॉबरची हत्यारांची लांब पिशवी. आत पाने, हातोडी, मागाच्या पिकिंग स्टिका (धोटा फेकणाऱ्या काठ्या). जड, लांबट, खाली ठेवली की लोखंडाचा आवाज. चादर टाकून ही पिशवी घेतली असती तर टोळीचा गैरसमज रास्त ठरला असता. पहिल्या पंधरा मिनिटांत ती पिशवी दोनदा दिसतेही, नंतर गायब.

दुसरी गोष्ट मोबाइल. आज कुणीही दोन मिनिटांत स्वतःला सिद्ध करू शकतो. फोनमधले फोटो, आधार, मालकाला एक कॉल. म्हणजे लेखकाने फोन एक तर काढून घ्यायला हवा, नाही तर नायकाच्याच विरोधात वापरायला हवा. इथे फोन खिशातच राहतो आणि मध्यंतराआधीच्या गाण्यात नायक त्यावर बोलतोसुद्धा!

हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) हॉटेलचा पोऱ्या एका माणसाच्या नावाने पुकारा करत येतो आणि नेमका त्याच क्षणी नायक, तार पाठवायची म्हणून, त्या पोऱ्याला हात करतो. पाहणाऱ्या गुंडांना वाटतं, हाच तो. घोटाळा झाला! एक पोऱ्या, एक हात वर. खर्च काहीच नाही.

स्टँडवर हेच असं बसवता आलं असतं. टोळीचा पोरगा मारेकऱ्याच्या नंबरवर कॉल लावतो आणि उतरणाऱ्यांत कोण फोन उचलतो ते बघतो. त्याच वेळी नायकाला मालकाचा फोन येतो, तो कानाला लावतो. पोरगा आपला कॉल कापतो: सापडला. तिकडे नळदुर्गपाशी मागच्या गाडीत खरा मारेकरी झोपलाय आणि त्याच्या मांडीवरचा फोन वाजून वाजून बंद होतो. एक कट तिकडचा, एक इकडचा. यानंतर कुणी तर्काला बोट लावू शकत नाही.

---

७०फूटरोड

भाषेबद्दल कुणीच कसं बोललं नाही? हैदराबादकडून आलेला माणूस म्हणून उचलताय आणि उचलणारी पोरं पूर्व भागातली. त्या पोरांच्या घरात तेलुगू बोलतात की ओ! जीपमध्ये बसवल्यावर पहिलं वाक्य तेलुगूतच निघणार. अख्ख्या सिनेमात त्याच्याशी कुणी एक शब्द तेलुगू बोलत नाही.

आणि हे नुसतं खटकण्यापुरतं नाही, सोन्यासारखा प्रसंग हातचा घालवलाय. नायक दहा-बारा वर्षं पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) कारखानदारांकडे जॉबर आहे असं सिनेमाच सांगतो. म्हणजे त्याला कामापुरती तेलुगू येणारच. पोरगा तेलुगूत विचारतो, हा सवयीने तेलुगूत उत्तर देतो आणि त्याच उत्तराने तो अडकतो. पुढे खरा मारेकरी येतो, तो निघतो कलबुर्गीकडचा, त्याला कन्नड आणि दखनी येते, तेलुगू येत नाही. टोळी त्याच्यावरच संशय घेते. सोलापुरात एका गल्लीत चार भाषा आहेत. असा खेळ दुसऱ्या शहरात करता आला नसता.

त्याऐवजी सगळी टोळी मुंबईच्या टपोरीत बोलते. सोलापुरी ‘बे’ पूर्ण सिनेमात दोनदा, तोही विनोदी पात्राच्या तोंडी. ‘सैराट’ (२०१६) आपल्याच जिल्ह्यात, करमाळ्याच्या भागात चित्रित झाला आणि तिथल्या बोलीतच सगळीकडे चालला. बोली बदलायला पैसे पडत नाहीत.

---

तारीख_पे

कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण दुसऱ्या अर्ध्या सिनेमाचा मोठा भाग पोलीस ठाण्यात आहे आणि तिथे जवळपास प्रत्येक प्रसंग चुकलाय.

नायक चार दिवस कोठडीत. न्यायालय नाही, वकील नाही, घरी निरोप नाही. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावंच लागतं. संविधानाचा अनुच्छेद २२(२) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८. अटकेची माहिती नातेवाईक किंवा मित्राला द्यावी लागते, कलम ४८. आता कुणी म्हणेल, सिनेमात चालतं. चालतं, पण मग ही बेकायदेशीर अटक आहे हे सिनेमाला माहीत असल्याचं दिसलं पाहिजे. इन्स्पेक्टर विकला गेलाय असं एका वाक्यात सांगा, भागलं. इथे इन्स्पेक्टर प्रामाणिक दाखवलाय!

मला वाईट याचं वाटतं की हे २४ तास म्हणजे लेखकाला फुकट मिळालेलं घड्याळ होतं. उद्या अकरा वाजता कोर्टात उभा केला की मालक येणार, वकील येणार, खरी ओळख उघड होणार. म्हणजे टोळीला तो त्याआधी बाहेर हवा, नाही तर मेलेला हवा. सगळा उत्तरार्ध एका रात्रीत बसला असता.

मग ओळख परेड. सिनेमात ठाण्याच्या अंगणात तीन माणसं उभी, इन्स्पेक्टर स्वतः साक्षीदाराचा हात धरून विचारतो, ‘हाच ना?’ प्रत्यक्षात परेड घेतात कार्यकारी दंडाधिकारी, बहुतेक वेळा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. पोलीस त्या वेळी तिथे थांबत नाहीत. एका संशयितामागे निदान सहा, त्याच्यासारख्याच वयाची, बांध्याची, पेहरावाची माणसं उभी करतात. दोन संशयित असतील तर दहा-बारा. संशयिताला आपली जागा निवडता येते, दुसऱ्या साक्षीदाराआधी बदलताही येते. ओळखून झालेला साक्षीदार आणि बाकीचे साक्षीदार एकमेकांना भेटणार नाहीत याची काळजी घेतात. म्हणूनच अटकेनंतर संशयिताचा चेहरा झाकून नेतात. साक्षीदाराने आधी फोटो पाहिला असेल तर परेडीची किंमत जाते. भारतीय साक्ष्य अधिनियमात हा भाग कलम ७ मध्ये आहे, जुन्या कायद्यात ९ होतं. आणि नुसती परेड हा मुख्य पुरावा नसतो. न्यायालयात साक्षीदाराने ओळखावं लागतं, परेड त्याला आधार देते.

पोलिसांची चूक पटेल अशी लिहायची असेल तर ठशांचंही बघावं लागेल. २०२२ पासून राष्ट्रीय पातळीवर बोटांचे ठसे संगणकावर ताडून बघता येतात. खऱ्या मारेकऱ्यावर आधीची एकही नोंद नाही एवढं एक वाक्य टाका, तो दरवाजा बंद होतो.

साक्षीदारांच्या चुकीने निरपराध माणूस कसा गुंततो हे बघायचं तर हिचकॉकचाच ‘द राँग मॅन’ (१९५६). न्यूयॉर्कच्या एका वादकावर १९५३ मध्ये खरंच आलेला प्रसंग. पोलीस त्याला दरोडेखोराच्या चिठ्ठीतला मजकूर सांगून लिहायला लावतात आणि दरोडेखोराने ज्या शब्दात चूक केली, नेमकी त्याच शब्दात तोही तीच चूक करतो. तिथे एकही गोळी सुटत नाही, तरी घाम फुटतो.

---

मिलचाभोंगा

कट्ट्याबद्दल. देशी कट्टा एकनळी असतो, एका वेळी एकच काडतूस. बार झाला की नळी मोडायची, रिकामी पुंगळी काढायची, बहुतेकदा ती अडकते, मग नवं काडतूस. सरावाच्या माणसालाही चार-पाच सेकंद लागतील, घाबरलेल्या जॉबरला पंधरा. नायक ओळीने पाच गोळ्या झाडतो. तांत्रिक चूक आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तणावाची संधी गेली. एकच गोळी आहे हे प्रेक्षकाला माहीत असलं की ती सुटेपर्यंत तो श्वास धरून बसतो.

पडद्यावरचा बारही कच्चा आहे. नळीतला जाळ संगणकावर घातलाय आणि तो पाच-सहा फ्रेम टिकतो, फुगा फुटल्यासारखा. सेकंदाला २४ फ्रेममध्ये खरा जाळ एक फ्रेम, फार तर दोन. म्हणून करायचं ते असं: एक फ्रेम जाळ, पुढच्या फ्रेमपासून नुसता धूर. ज्या फ्रेममध्ये जाळ, त्याच फ्रेममध्ये चेहरा, हात आणि मागची भिंत थोडी उजळवायची. हे न केल्याने जाळ चित्रावर चिकटवलेला दिसतो. आणि नटाच्या मनगटाला झटका हवा. खोट्या बंदुकीला तो येत नाही, नटानेच द्यायचा असतो, आणि त्याची तालीम लागते.

एक गोष्ट मात्र या मुलांनी बरोबर केली: खरी किंवा बिनछऱ्याची काडतुसं वापरली नाहीत. बिनछऱ्याचा बारसुद्धा जवळून जीव घेऊ शकतो. रबराची किंवा राळेची नक्कल आणि नंतर संगणकावर जाळ, हाच लहान चमूचा रस्ता. रस्त्यावर नक्कल बाहेर काढणार असाल तरी जवळच्या ठाण्यात आधी लेखी कळवा आणि एक जबाबदार माणूस फक्त हत्यारांवर ठेवा. शॉट संपला की नक्कल त्याच्या पेटीत, नटाच्या कमरेला नाही.

रक्त फार गुलाबी दिसलंय. नुसता लाल खाद्यरंग कॅमेऱ्यात सरबतासारखा येतो. एक वाटी मक्याचं सिरप, दोन चमचे लाल रंग, एक चमचा कोको पावडर आणि दोन-तीन थेंब निळा. कोकोमुळे ते गढूळ होतं आणि आरपार दिसत नाही. कपड्यावर लावायच्या रक्तात थोडा भांड्यांचा साबण घातला की डाग धुऊन निघतो. तोंडात धरायचं असेल तर साबण अजिबात नको. आणि हाणामारीच्या शर्टाचे निदान तीन जोड लागतात. इथे एकच होता हे कळतं, कारण एका शॉटमध्ये बाहीवर डाग आहे आणि पुढच्यात नाही.

---

अलकाटॉवेल

ठोसे लागतच नाहीत असं का वाटतं, कुणी सांगेल का?

---

मिलचाभोंगा

ताई, कॅमेरा आडवा लावलाय म्हणून. मारणारा आणि खाणारा दोघं बाजूने दिसले की मूठ आणि गाल यांतली अर्ध्या फुटाची फट उघडी पडते. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे न्यायचा, म्हणजे मूठ, गाल आणि भिंग एका रेषेत येतात आणि फट झाकली जाते. मूठ चेहऱ्यासमोरून आडवी जायला हवी, भिंगाच्या दिशेने सरळ नाही. ठोसा विकतो तो खाणारा: मूठ गालापाशी आली त्याच क्षणी मान फिरली पाहिजे. इथे मान उशिरा फिरते आणि ते लपवायला संकलनात अर्ध्या अर्ध्या सेकंदाला कट मारलेत. मग कोण कुणाला मारतोय तेच कळत नाही.

दोन मिनिटांच्या हाणामारीला तीन-चार दिवस तालीम धरा. ज्या फरशीवर शूट, त्याच फरशीवर, तेच बूट घालून. एका शॉटमध्ये चार-पाच हालचाली, त्याहून जास्त नाही. कपड्याखाली कोपर-गुडघ्याला पॅड, पडायच्या जागी गादी आणि गादी चौकटीबाहेर.

---

पन्नास_हर्ट्झ

कारखान्यातल्या रात्रीच्या प्रसंगात उजेड लपलप करतोय, ती प्रोजेक्टरची चूक नाही, शूटिंगची आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड किती वेळ पडतो ते. २४ फ्रेमला १८० अंशांचा शटर म्हणजे १/४८ सेकंद. ते १०० शी जुळत नाही, म्हणून चित्रात हलकी लाट येते. शटर १/५० करायचा, अंशांत १७२.८. एवढाच उपाय.

लाट सगळ्यात जास्त दिसते ती संथगतीच्या शॉटमध्ये. १२० फ्रेमला शटर १/२४० किंवा त्याहून जलद होतो. त्या वेगात ट्यूबचा प्रत्येक चढउतार फ्रेममध्ये उतरतो आणि कुठलाही आकडा लावला तरी सुटत नाही. संथगती हवीच असेल तर त्या ट्यूबा बंद करून लुकलुक न करणारे एलईडी पॅनेल लावा, नाही तर दिवसा करा. जुन्या मिलच्या शेडला उत्तरेकडे काचा असलेलं दातेरी छप्पर असतं. सकाळी नऊ ते चार तिथे एकसारखा, सावल्या न पाडणारा उजेड मिळतो, तोही फुकट. शेवटची हाणामारी रात्री करायची काही गरजच नव्हती. रात्र केल्याने आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) चढवावा लागला आणि काळ्या भागात खरखर आली.

ड्रोनचे शॉट मोजायचं मी सोडून दिलं. चांगले आहेत, पण कथेला एकही लागत नाही. शिवाय होटगी रोडचं विमानतळ शहराला चिकटून आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. त्या परवानगीत गेलेला वेळ तालमीला मिळाला असता.

---

दक्षिणकसबा

पाठलागाचा भूगोल! सात रस्त्यावरून पळत सुटतो, वळतो तो थेट भुईकोट किल्ल्याच्या तटाशी, पुढच्या शॉटला विजापूर वेशीच्या बोळात आणि बोळ संपतो तो कंबर तलावाच्या काठावर. बाहेरच्याला कळणार नाही, पण या सिनेमाचा पहिला प्रेक्षक सोलापूरचाच आहे ना? किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव शेजारी आहेत, विजापूर वेस तिथून चालत जाण्यासारखी. एवढ्याच पट्ट्यात पूर्ण पाठलाग बसतो. तट, खंदक, बोळ, तलावाची पायरी, सगळं हाताशी. चमूला गाड्या हलवायला लागल्या नसत्या आणि दिवसाला दोन तास वाचले असते.

दिशेचंही तेच. पळणारा एका शॉटमध्ये डावीकडून उजवीकडे जातो, पाठलाग करणारे उजवीकडून डावीकडे. समोरासमोर येताहेत असं वाटतं. कॅमेरा रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवायचा. बाजू बदलायचीच असेल तर मध्ये एक शॉट नाकासमोरून किंवा पाठीमागून घ्यायचा.

---

तिसरीपाळी

आवाजावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या मते हा सिनेमा सगळ्यात जास्त इथे मार खातो. चित्र कच्चं असलं तर प्रेक्षक सोसतो, शब्द कळला नाही की तो उठतो.

यंत्रमागाच्या शेडमध्ये माग चालू असताना आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. तिथे काम करणारी माणसं खुणांनी आणि ओठ वाचून बोलतात. अशा जागी संवाद ध्वनिमुद्रित होऊच शकत नाही. शूटिंगवेळी माग चालू ठेवले आणि नंतर डबिंग केलं, इथवर ठीक. पण डबिंग एका खोलीत, तोंडाला माइक लावून, सगळी वाक्यं एकाच अंतरावरून. लांबचा माणूसही कानात बोलतो. आणि शेडमधली माणसं गप्पा मारल्यासारखी शांत बोलतात, ओरडत नाहीत!

करायला हवं होतं ते असं. संवादाच्या शॉटला जवळचे माग बंद, मागच्या रांगेतला फार तर एक हलता. नटांना सांगायचं, माग चालू आहेत असं समजून ओरडून बोला. मागाचा आवाज वेगळा घ्यायचा: जवळून, शेडच्या दारातून आणि बाहेर बोळातून, प्रत्येकी दोन-तीन मिनिटं. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून निदान ३० सेकंद त्या जागेची शांतता ध्वनिमुद्रित करायची. संकलनात कटांखाली तीच अखंड पसरते आणि जोड ऐकू येत नाहीत. या सिनेमात प्रत्येक कटला मागची खरखर बदलते, त्यामुळे कट मोजता येतात.

बंदुकीचा आवाजही सगळीकडे एकच. बोळातला बार कोरडा आणि आखूड हवा, मिलमधला घुमत जाणारा. फुकटच्या संग्रहातला एक आवाज घेतला तरी त्याची शेपूट, म्हणजे शेवटी विरत जाणारा घुमारा, जागेप्रमाणे बदलता येते.

आणि धोट्याचा खटखटाट! साधा माग मिनिटाला शंभरहून जास्त वेळा धोटा फेकतो. तो ठेका पार्श्वसंगीताला आयता होता. नायक जॉबर आहे, आवाज ऐकून त्याला कळतं कुठला माग बिघडलाय. शेवटची लढाई बंद मिलऐवजी चालत्या शेडमध्ये घेतली, तर अंधारात एक माग अडखळतो आणि त्यावरून त्याला कळतं खरा मारेकरी कुठल्या रांगेत उभाय. हे या कथेतूनच उगवलेलं आहे. याऐवजी बाजारात मिळणारं ढोलाचं संगीत चोवीस तास.

---

नवीपेठकर

इतकं कठोर होऊ नका राव. पोरांनी घरच्या पैशांवर काढलाय. तुम्ही उदाहरणं देताय जगातल्या उत्तम सिनेमांची. ७,००० डॉलरवाल्याच्या मागे मोठा स्टुडिओ होता.

---

संहितावाचक

नवीपेठकर, स्टुडिओ नंतर आला आणि हे नीट सांगायलाच हवं, कारण तो आकडा ऐकून बरीच मुलं फसतात. रॉड्रिग्जने १६ मिमीवर, आवाज न करता चित्रित केलं, आवाज वेगळा घेऊन हाताने जुळवला, बहुतेक शॉट एकाच टेकमध्ये, कॅमेरा सरकवायला चाकांची खुर्ची. त्या पैशांत व्हिडिओवरची प्रत झाली. थिएटरसाठी ३५ मिमीची प्रत आणि नवं ध्वनिमिश्रण पुढे कोलंबिया या स्टुडिओने केलं आणि त्याला मूळ खर्चाच्या कित्येक पट पैसे लागले. म्हणजे पडद्यावर जाईपर्यंतचा खर्च सुरुवातीलाच धरावा लागतो. आपल्या मुलांनी तो धरला नाही. सगळे पैसे शूटिंगमध्ये संपले आणि आवाज उरलेल्यात केला, हे पडद्यावर दिसतंय. कठोरपणा नाही हा. पुढच्या सिनेमात त्यांनी चार दिवस ध्वनिमिश्रणाला राखून ठेवावेत, यासाठी लिहितोय.

आणि भारतातलं उदाहरण हवं तर ‘डॉन’ (१९७८). नायकाला गुन्हेगाराच्या जागी पाठवणारा पोलीस अधिकारी मरतो, खरं जाणणारा दुसरा कुणी नाही, उरते एक डायरी. सगळे त्या डायरीमागे. पुरावा एका हातात धरता येईल अशा वस्तूत ठेवला की पाठलागाला अर्थ येतो. आपल्या सिनेमात सगळे नुसते पळतात. नायकाला नेमकं काय मिळालं की तो सुटेल, हे शेवटपर्यंत सांगितलेलंच नाही.

---

७०फूटरोड

पुरावा हैदराबादच्या दुकानाची सुट्या भागांची पावती. तारीख, वेळ, त्याचं नाव, कारखान्याचं नाव. ती त्याच हत्यारांच्या पिशवीत, आणि पिशवी टोळीच्या जीपमध्ये.

---

संहितावाचक

सुंदर! खूण तीच, पुरावाही तिच्यातच. ज्या पिशवीमुळे अडकला तीच परत मिळवायची. आता पाठलाग लिहायला घ्या.

---

पांढराकोट

थिएटरमधल्या प्रतीबद्दल थोडं. चित्रपट १९२० × १०८० मध्ये बनवलाय, आणि थिएटरची फ्लॅट चौकट १९९८ × १०८०. दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या राहतात, त्याला हरकत नाही. पण या प्रतीत चित्र ताणून बसवलंय, त्यामुळे चेहरे किंचित रुंद दिसतात. पट्ट्या राहू द्यायच्या, ताणायचं नाही. आणि डीसीपी (थिएटरात चालवायची डिजिटल प्रत) झाल्यावर एक खेळ रिकाम्या थिएटरात, आवाज नेहमी जेवढा ठेवतात तेवढाच ठेवून, पूर्ण ऐकायचा. संगणकाच्या स्पीकरवर कळणारा संवाद मोठ्या सभागृहात ढोलाखाली बुडतो.

---

कापडपेठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. दिग्दर्शक धागा वाचतोय असं कळलं, आणि त्याने एक प्रश्न विचारायला सांगितलाय. ओळख परेडीचा प्रसंग पुन्हा चित्रित करून ओटीटीच्या आवृत्तीत घालायचा विचार आहे. एका दिवसात, कमीत कमी माणसांत कसा करावा?

---

तारीख_पे

नक्की करा. पोलीस सोडून माणसं अकरा: नायक, त्याच्यासोबत उभे राहणारे सहा, दंडाधिकारी, दोन पंच, एक साक्षीदार. पोलीस दारापर्यंत सोडून मागे जातात. ते जाणं दाखवा, प्रसंगाला वजन येईल. जागा ठाण्याचं अंगण नको. परेड बहुतेक तुरुंगात होते, साधी उंच भिंतीची खोली चालेल. सहाही जण नायकाच्या वयाचे, तशीच दाढी, तसेच शर्ट. नायकाच्या कपाळावर जखमेची पट्टी आहे, तशीच पट्टी सगळ्यांच्या कपाळावर लावा. प्रत्यक्षातही ओळखीची खूण अशी झाकतात. दंडाधिकारी त्याला विचारतात, कुठे उभा राहणार? तो तिसरी जागा घेतो. साक्षीदार आत येतो, रांगेवरून जातो, पुढे निघून जातो, आणि परत फिरतो.

---

तिसरीपाळी

संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणजे आवाज जागेवरच घ्या, डबिंग नको. पंखे आणि फ्रिज बंद. सुरुवातीला एक मिनिट खोलीची शांतता, मग साक्षीदाराच्या चपलांचा आवाज वेगळा, जवळ माइक धरून. संगीत घालू नका.

---

पन्नास_हर्ट्झ

शटर १/५०. सकाळी साक्षीदाराच्या बाजूने रांग, दुपारी नायकाच्या बाजूने साक्षीदार. खिडकी एकच असेल तर तिच्याकडे पाठ करून रांग उभी करू नका, सातही चेहरे काळे पडतील.